ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे. ज्यांची ही गोष्ट आहे त्या आजी पाच वर्षांपासून माझ्याकडे येतात. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरातल्या एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. तपासण्यांचे आकडे आणि घटनाक्रम बदललेला नाही. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा आजींनी एकच अट घातली, "माझं नाव नको, आणि सूनबाईला नावं ठेवू नका."

वय ७१. माहेर आणि सासर दोन्ही मुळशीकडचं. लग्नानंतर तीस-बत्तीस वर्षं चुलीवरचा स्वयंपाक. एका खिडकीची खोली, पावसाळ्यात ओलं जळण आणि हातात फुंकणी. तंबाखू कधी नाही, मशेरीसुद्धा नाही. पुण्यात मुलाकडे आल्यावर गॅस आला, पण खोकला गेला नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी केली तेव्हा पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ३४ टक्केच भरली, म्हणजे चांगला पुढे गेलेला सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. "आईनं आयुष्यात विडी ओढली नाही हो," असं मुलगा म्हणाला होता. या शहरातल्या डॉक्टरांना तरी त्याचं नवल वाटायला नको. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवरचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००९ चा लेख पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर लिहिलेला आहे, आणि चुलीचा धूर हा त्यातला मोठा भाग आहे.

घरात ऑक्सिजनचं मशीन होतं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आजोबांसाठी धडपडून मिळवलेलं. आजोबा त्या लाटेत गेले, मशीन राहिलं. मशीनबरोबर एक आकडाही घरात राहिला, ९४. त्या एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या प्रत्येक घराने हा आकडा पाठ केला होता. ९४ च्या खाली गेलं की बेड शोधायचा.

गेल्या वर्षी आजी एकदा रुग्णालयात राहून आल्या. डिस्चार्ज कार्डावर 'घरी ऑक्सिजन मिनिटाला १ लिटर, सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवणे' असं इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं. ते कार्ड मी वाचलं, फाइलला लावलं. मुलाला समजावून सांगितलं नाही. पुढचं सगळं इथूनच सुरू होतं असं मला वाटतं.

जानेवारीतले चार दिवस

गुरुवारी सर्दी झाली, कफ घट्ट आणि पिवळा झाला. एका लिटरवर सॅच्युरेशन ८६ आलं. मुलाने मशीनचा नॉब दोनवर नेला, ९० झालं. त्याच्या लेखी ९० म्हणजे धोक्याचं, म्हणून चारवर नेला. ९७ झालं आणि घराला हायसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्याने मला ऑक्सिमीटरचा फोटो पाठवला, आकडा ९६. मी फोनवरच प्रतिजैविक आणि पाच दिवस स्टिरॉइड सुरू करायला सांगितलं आणि फोटोवर अंगठा पाठवला. एक प्रश्न विचारायचा राहिला, "किती लिटरवर?"

शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन आला. आजी झोपत नाहीत, उठून बसतात, चिडतात. मध्येच "गाय बांधली का?" विचारलं. गाय विकून वीस वर्षं झाली. घरच्यांना वाटलं, वय झालं, भ्रम होतोय. मला वाटलं, स्टिरॉइडने झोप उडाली असेल. आजोबा गेल्यानंतर मीच लिहून दिलेली अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीची पट्टी घरात होती. "०.५ ची अर्धी द्या, शांत झोपतील," असं मी सांगितलं.

आणि त्या झोपल्या. शनिवारी जाग आली ती डोकेदुखीनं, चहा झाल्यावर पुन्हा डोळा लागला. "किती दिवसांनी विश्रांती मिळाली," असं घरात सगळे म्हणाले. समोरच्या काकूंनी अनुलोम-विलोम आणि कुंभक सुचवला. श्वास आत घेऊन धरून ठेवा, ऑक्सिजन वाढतो. सुदैवाने आजींना तेवढी जाग नव्हती. शनिवारी रात्री पुन्हा चुळबुळ झाली तेव्हा घरच्यांनी मला न विचारता अख्खी गोळी दिली. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, असं आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

रविवारी संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. "डॉक्टर, सॅच्युरेशन ९७ आहे, पण आईंच्या हातातून कापूस गळतोय." आजी रोज दिवेलागणीच्या आधी फुलवाती वळतात. त्या दिवशी उठवून बसवलं, कापसाचा डबा पुढ्यात दिला. बोटांत कापूस धरायच्या, जराशी वळी व्हायची की हात एकदम सैल पडायचा आणि वात मांडीवर. "बावीस वर्षं बघतेय, यांची एक वात वाकडी झालेली आठवत नाही मला," असं सूनबाई म्हणाल्या. मला घरातून निघायला लावलं ते त्या वाक्यानं.

तपासताना काय दिसलं

खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. हाक मारली की डोळे उघडत, एका शब्दाचं उत्तर देत आणि पुन्हा मिटत. डोळे लालसर. हात गरम, जानेवारीच्या थंडीत नको तितके गरम. नाडी भरून उडत होती, ११२. श्वास पूर्ण मिनिटभर मोजले, १८ भरले. कागदावर हा आकडा कुणालाही खटकणार नाही. पण छातीवर हात ठेवला तर ती जेमतेम हलत होती. दोन्ही हात समोर धरून मनगटं वर करायला सांगितली तर पंजे दर दोन-तीन सेकंदांनी पाखराने पंख झटकावेत तसे खाली पडत. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची ही खूण; फुलवाती यामुळेच गळत होत्या.

एका दमात आकडे म्हणायला सांगितले. नोव्हेंबरमध्ये दवाखान्यात त्या चौदापर्यंत गेल्या होत्या. आता चारावर थांबल्या.

मशीनकडे तेव्हा पाहिलं. चार लिटर. आणि बोटावरचा तो छोटा डबा, ९७.

ऑक्सिमीटर काय सांगत नव्हता

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन बसलाय ते सांगतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल तो काहीच सांगत नाही. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसात मात्र तो आडून चुगली करतो. फुप्फुसाच्या हवेच्या पिशवीत जागा ठरलेली असते. कार्बन डायऑक्साइड साचला की ऑक्सिजनला तेवढी जागा कमी पडते आणि आकडा घसरतो.

पुण्याचंच गणित मांडू. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत, म्हणून हवेचा दाब पाऱ्याच्या ७१० मिमीच्या आसपास. त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ गेले आणि उरलेल्याचे २१ टक्के घेतले की १३९. यातून रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडला ०.८ ने भागून येणारा आकडा वजा करायचा. कार्बन डायऑक्साइड नेहमीचा ४० असेल तर ५० जातात आणि ८९ उरतात. तो ८० झाला तर १०० जातात आणि उरतात ३९. इतक्या कमी ऑक्सिजनवर सॅच्युरेशन सत्तरीत जातं आणि घरातलं लहान पोरसुद्धा घाबरतं. आता नळीतून ऑक्सिजन देऊन आत जाणारी हवा ३० टक्क्यांची केली असं धरा. कार्बन डायऑक्साइड ८० च असला तरी शंभराच्या जवळ उरतात. सॅच्युरेशन ९७. ऑक्सिजन चालू असलेल्या माणसात हा चुगलखोर असा गप्प होतो.

कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला एकच वाट आहे, ताजी हवा पिशव्यांपर्यंत पोचवणारा श्वास. शरीर दर मिनिटाला साधारण २०० मिलि कार्बन डायऑक्साइड तयार करत राहतं. पिशव्यांत पोचणारी हवा निम्मी झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट होतो, इतका हा हिशेब सरळ आहे. गोम आहे ती 'पोचणारी' या शब्दात. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलि हवा नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच खर्ची पडते. ५०० मिलिचे १२ श्वास घेतले तर मिनिटाला ६ लिटर होतात, त्यातले ४.२ लिटर कामाचे. २५० मिलिचे २४ श्वास घेतले तरी बेरीज ६ लिटरच, पण कामाचे २.४. आजींचे १८ उथळ श्वास या हिशेबात फारच तुटपुंजे होते.

उलट दिशेचं उदाहरण पुण्यात दर सकाळी बागेत पाहायला मिळतं. भस्त्रिका जोरात केली की डोकं हलकं होतं, ओठांभोवती मुंग्या येतात. लोक म्हणतात, ऑक्सिजन वाढला. तो आधीच ९७-९८ वर होता, वाढायला जागाच कुठे? झालेलं असतं एवढंच की जोरजोरात श्वास टाकून कार्बन डायऑक्साइड धुऊन निघालेला असतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजींमध्ये त्या रुंदावल्या होत्या. शनिवार सकाळची डोकेदुखी तिथून आली होती, आणि बहुधा शुक्रवार रात्रीची गायही.

घरी असताना समोरचे पर्याय

मुलगा शेजारीच उभा होता. मी ऑक्सिजन जास्त झालाय म्हटल्यावर त्याचा हात मशीनच्या बटणाकडे गेला. मी तो धरला.

एकदम बंद करणं ही पहिली ओढ असते आणि तीच सगळ्यात घातक. शरीरात कार्बन डायऑक्साइडचा साठा मोठा असतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो. ऑक्सिजनचा साठा मात्र काही मिनिटांत संपतो. बंद केल्यावर पिशव्यांत कार्बन डायऑक्साइड तसाच ठाण मांडून बसतो आणि सॅच्युरेशन आजाराच्या सुरुवातीला होतं त्याच्याही खाली कोसळतं. तसंच चालू ठेवून रुग्णवाहिकेची वाट बघणं हा दुसरा पर्याय. ती अर्ध्या तासात आली असती तर फार बिघडलं नसतं, पण रविवार संध्याकाळचा सिंहगड रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढे सांगायला नको. घरीच थांबून वाफारा आणि औषधांनी सुधारणा होते का पाहू, असं मुलाच्या मनात होतं. हाताची फडफड आणि गुंगी दिसल्यावर मी ते बाजूला सारलं.

ठरलं ते असं. नॉब चारवरून दोनवर, पाच मिनिटं थांबून एकवर. सॅच्युरेशन ९० वर आलं आणि तिथे थांबलं. मुलाचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता; ९७ सोडून ९० वर खाली आणणारा डॉक्टर त्याला वेडा वाटला असणार. नेब्युलायझर घरच्या कॉम्प्रेसरवर, म्हणजे हवेवर चालवला, ऑक्सिजनवर नाही. १०८ ला फोन केला. आणि औषधाच्या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून कागद मुलाच्या खिशात घातला: 'सीओपीडी. कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिजन फक्त ८८ ते ९२ साठी. नेब्युलायझर हवेवर. अल्प्राझोलाम दोन रात्री.' शेवटचं वाक्य लिहिताना पेन जरा अडलं.

कॅज्युअल्टीतली दहा मिनिटं

मी मागोमाग स्कूटरवर गेलो, पण गाडी लावून आत जाईपर्यंत दहा मिनिटं गेली. तेवढ्यात ड्युटीवरच्या डॉक्टरने ८९ पाहून मास्क लावला होता, सहा लिटर. मुलगा खिशातला कागद हातात घेऊन त्याच्याशी वाद घालत होता. तीन दिवसांपूर्वी नॉब चारवर नेणारा हाच माणूस.

त्या डॉक्टरला दोष देणं सोपं आहे. ८९ दिसलं की हात आपोआप मास्ककडे जातो, कारण ऑक्सिजन कमी पडून गेलेले रुग्ण प्रत्येकाने पाहिलेले असतात. जास्त होऊन गेलेला रुग्ण शांतपणे, झोपेतच जातो आणि तो मृत्यू कुणाच्या हिशेबात धरला जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या ४०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीने तो हिशेबात आणला. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. सीओपीडी पक्का असलेल्यांत भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या गटात ९ टक्के दगावले, ८८ ते ९२ ला धरून मोजून ऑक्सिजन दिलेल्या गटात २ टक्के. कागद वाचल्यावर डॉक्टरने मास्क काढला, नाकात नळी लावली, एक लिटर. त्याला माहीत होतं; त्या क्षणी आठवलं नव्हतं इतकंच.

मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी केली. पीएच (जितका कमी तितकं रक्त आम्ल) ७.२२, कार्बन डायऑक्साइड ८८, बायकार्बोनेट ३५. निरोगी माणसात पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ आणि बायकार्बोनेट २२ ते २६ असतं. यातला बायकार्बोनेटचा आकडा मला टोचला. मूत्रपिंडं आम्लता सावरायला बायकार्बोनेट राखून ठेवतात, पण त्याला दिवस लागतात. चार दिवसांत एकदम ३५ सहसा होत नाही. म्हणजे आजींचा कार्बन डायऑक्साइड महिनोन्‌महिने चढलेला होता आणि त्या तशाच हिंडत-फिरत होत्या. नंतर फाइल काढून पाहिली. आठ महिन्यांपूर्वीच्या साध्या रक्ततपासणीत बायकार्बोनेट ३१ आलं होतं. शेजारी वरच्या दिशेचा छोटा बाण छापलेला. मी त्यावर बरोबरची खूण करून सही केली होती.

ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड का वाढतो

मुलाने आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर हेच विचारलं. "चांगलीच गोष्ट दिली होती ना मी?"

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं ते असं: या रुग्णांचा मेंदू चढलेल्या कार्बन डायऑक्साइडला सरावलेला असतो, श्वास घ्यायची टोचणी फक्त ऑक्सिजन कमी असण्यातून मिळते, ऑक्सिजन भरपूर दिला की टोचणी जाते आणि श्वास मंदावतो. यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. ओबिए नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अशा रुग्णांना शुद्ध ऑक्सिजन देऊन मोजलं, तेव्हा पंधरा मिनिटांनी श्वासाचं प्रमाण जवळपास मूळ पातळीवर परतलं होतं, तरी कार्बन डायऑक्साइड सरासरी २३ मिमी वर गेला होता. मोठं कारण दुसरीकडे होतं.

मुलाला मी महापालिकेच्या चावीवाल्याचं उदाहरण दिलं. ज्या गल्लीत टाक्याच फुटक्या आहेत तिथे पाणी सोडून काय उपयोग, म्हणून शहाणा चावीवाला तिथला व्हॉल्व्ह आवळतो आणि पाणी चांगल्या गल्ल्यांकडे वळवतो. फुप्फुस हेच करतं. ज्या भागात हवा नीट जात नाही तिथे ऑक्सिजन कमी होतो, तिथली रक्तवाहिनी आकसते, रक्त चांगल्या भागाकडे जातं. बाहेरून भरमसाट ऑक्सिजन दिला की खराब भागातही थोडा पोचतो. वाहिनीला वाटतं, इथे सगळं ठीक आहे. ती उघडते. रक्त तिकडे जातं, पण हवेची ये-जा तिथे अजूनही नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत येतं. भरीला, हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसला की त्याची कार्बन डायऑक्साइड वाहायची ताकद कमी होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९१४ मध्येच दाखवलं होतं. निरोगी माणूस दोन श्वास जास्त घेऊन हे सगळं भरून काढतो. आजींकडे ती शिल्लक नव्हती, आणि उरलीसुरली माझ्या गोळीने काढून घेतली.

"म्हणजे माझी चूक?" तो म्हणाला.

"तुमची कमी, माझी जास्त," मी म्हणालो. तो काही बोलला नाही. चहा आणायला गेला आणि दोन कप घेऊन आला.

बायपॅप की घशात नळी

आयसीयूच्या डॉक्टरांपुढे दोन वाटा होत्या. घशात नळी घालून व्हेंटिलेटर, किंवा तोंडावर घट्ट मास्क बसवून बायपॅप, म्हणजे श्वास आत घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी. पीएच ७.२५ च्या खाली आणि गुंगी, दोन्ही गोष्टी बायपॅप फसण्याची शक्यता वाढवणाऱ्या. पण हाकेला ओ देत होत्या, उलटी नव्हती, आणि सीओपीडीत एकदा घशात नळी गेली की ती निघायला आठवडे लागू शकतात. त्यांनी एक तासाची मुदत घातली. तासाभरात पीएच वर सरकला नाही तर नळी. व्हेंटिलेटर शेजारी तयार ठेवला. गुंगीच्या गोळीवरचा उतारा द्यायचा का, हाही विषय निघाला. त्याने झटके येण्याची भीती असते आणि गोळीचा वाटा तसा लहान, म्हणून दिला नाही.

पहिली वीस मिनिटं वाया गेली. मास्कच्या कडेने हवा फसफसत बाहेर जात होती, मशीन ओरडत होतं, पट्टे आवळून नाकावर वळ उठले. दाब १२ वरून वाढवायचा तर गळती आणखी वाढे. मग सिस्टर म्हणाल्या, "आजींची कवळी कुठाय?" ती घरून निघताना काढून डबीत ठेवली होती, नेहमीच्या सवयीने. कवळीविना गाल आत बसले होते, मास्कला टेकायला जागाच नव्हती. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला कवळी घालावी का, यावर दोन मिनिटं खल झाला. ती सैल असती तर घालताच आली नसती. घट्ट बसत होती, सिस्टर खाटेपासून हलणार नव्हत्या, म्हणून घातली. गळती निम्म्याहून कमी झाली आणि दाब टप्प्याटप्प्याने १८ वर नेता आला. प्रत्येक श्वासाला छाती उचललेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

एका तासाने कार्बन डायऑक्साइड ७४, पीएच ७.३०. चार तासांनी ६६ आणि ७.३५. पहाटे साडेचारला आजींनी मास्क ओढून पहिलं वाक्य बोललं ते असं, "ही हत्तीची सोंड कुणी लावली मला?"

निकाल

सातव्या दिवशी घरी आल्या. तेव्हाचा कार्बन डायऑक्साइड ५४, पीएच ७.४०. तीन आठवड्यांनी, तब्येत स्थिर असताना पुन्हा एबीजी केली, ५५. इथे आणखी एक निर्णय होता, घरी रात्रीचा बायपॅप लावायचा का. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत, रक्ताची वाढलेली आम्लता सावरल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही कार्बन डायऑक्साइड ५३ च्या वर राहिलेल्यांना ऑक्सिजनबरोबर रात्रीचा बायपॅप दिला तेव्हा पुन्हा भरती होणं किंवा मृत्यू यांना मध्यकाने (मीडियन) १.४ महिन्यांऐवजी ४.३ महिने लागले. आजी नेमक्या त्या रेषेवर होत्या. विकत घ्यायचं मशीन या घराच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून आधी भाड्याने आणलं. पहिले दहा दिवस त्या मध्यरात्री सोंड काढून ठेवायच्या. सूनबाईंनी मास्कच्या कडेला नाकावर जुन्या साडीची मऊ घडी लावली, तेव्हापासून पाच-सहा तास टिकते.

त्यानंतर दहा महिने झाले. एकदा छाती भरली, ती घरीच आटोक्यात आली. सकाळची डोकेदुखी गेली. एका दमात आकडे अकरापर्यंत जातात, चौदा काही परत आले नाहीत.

आज हेच पुन्हा समोर आलं तर

रात्रीच्या त्या फोनवर मी गोळी सांगणार नाही. सीओपीडीचा रुग्ण रात्री बरळतोय, दिवसा पेंगतोय, तर ते आधी कार्बन डायऑक्साइडचं धरायचं आणि एबीजीने खोटं ठरलं तरच दुसरं काही. त्या रात्री जाऊन पाहिलं असतं तर चारवरचा नॉब शुक्रवारीच दिसला असता, दोन दिवस वाचले असते. ऑक्सिमीटरच्या फोटोला आता मी अंगठा पाठवत नाही. नॉबचा फोटोही मागतो, दोन्ही एकाच चौकटीत.

बायकार्बोनेटचा तो बाण मला जास्त छळतो. तेव्हाच एबीजी केली असती तर मुलाला ८८ ते ९२ का, हे सावकाश, आजी बऱ्या असताना सांगता आलं असतं. माणसं घाबरलेली असताना नवा आकडा शिकत नाहीत, जुनाच घट्ट धरतात. हे माझ्याही बाबतीत खरं निघालं.

एका गोष्टीवर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. ऑक्सिमीटर घरातून काढूनच टाकावा का? माझ्या एका मित्राचं तसं म्हणणं आहे. पण गुरुवारचा ८६ त्यानेच दाखवला होता. सध्या आम्ही तो ठेवलाय आणि शेजारी तीन गोष्टी मराठीत लिहून भिंतीला चिकटवल्यात: सकाळी डोकं दुखतंय का, हाकेला नेहमीसारखी ओ देतात का, एका दमात किती आकडे म्हणतात. चौथी सूनबाईंनी स्वतःच खाली पेनाने लिहिली, 'वाती'.

मशीनच्या फ्लोमीटरवर १ च्या रेघेवर त्यांनीच लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, चष्मा नसला तरी दिसावा म्हणून. गेल्या भेटीत मुलाने विचारलं, वीज गेली तर? पंधरा-वीस मिनिटांसाठी गेली तर आजींना टेकवून बसवायचं आणि ओठ आवळून, चुलीला फुंकर घालतात तसा लांब श्वास सोडायला सांगायचं. त्याहून जास्त गेली तर छोटा सिलेंडर, त्यावरही एकच लिटर. मुलगा लिहून घेत होता. आजी म्हणाल्या, "फुंकर मला शिकवताय होय?"